मैदानावरचं दडपण आणि घरातला हिशेब: खेळणाऱ्या मुलांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. स्वतः विद्यापीठाच्या संघापर्यंत कबड्डी खेळले आणि गेली बावीस वर्षं मुलींना कबड्डी, खो-खो शिकवते. खालचे प्रश्न मला मैदानाच्या कडेला, शाळेच्या फाटकात आणि स्पर्धेच्या गावी मुक्कामाला असताना रात्री उशिरा विचारले गेले आहेत. काही पालकांचे आहेत, काही मुलांचे. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे तसं लिहिलं आहे.

मॅचच्या दिवशी सकाळी मुलीच्या पोटात दुखतं, तीन-तीनदा संडासला पळते. नाटक करते का?

नाही. मेंदूला समोर धोका दिसला की शरीरात अ‍ॅड्रेनालिन सुटतं. छाती धडधडते, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, पचनाचं काम मागे पडतं आणि आतडी बिघडतात. तोंड कोरडं पडतं, तळहात गार होतात. समोर वाघ आहे की मिरजेचा संघ, एवढा फरक शरीर करत नाही.

तिला "काही नसतं, मनाचे खेळ आहेत" असं सांगू नका. दुखतंय ते तिला कळतंय, त्यामुळे दुखण्यावर आणखी खोटारडेपणाचा शिक्का बसतो. "होतं असं, पहिली चढाई झाली की कमी होईल" एवढं पुरतं. मॅचच्या दोन-तीन तास आधी वरणभात, केळं असं हलकं काहीतरी द्या. एसटी स्टँडवरचा वडापाव मॅच झाल्यावर.

दुखणं दोन-तीन दिवस आधीपासून सुरू होत असेल, मॅच संपल्यावरही राहत असेल, किंवा साध्या शाळेच्या दिवशीही होत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. पोटाचं काही नाही असं त्यांनी सांगितलं, तर खाली गंभीर लक्षणांचा प्रश्न आहे तो वाचा.

थोडं दडपण पाहिजेच की! आम्ही पण ओरडा खाऊनच शिकलो.

थोडं पाहिजेच. अजिबात धाकधूक नसलेला संघ झोपेत खेळल्यासारखा खेळतो. पण धाकधूक मॅचची असावी, मॅच हरल्यावर घरी काय होईल याची नसावी. आणि ओरडा खाऊन शिकलेले तेवढेच आपल्याला दिसतात. ओरडा खाऊन मैदान सोडून गेले ते आज आपल्याशी गप्पा मारायला इथे नाहीत.

सरावात एकदम भारी खेळतो, स्पर्धेत हात आखडतात. असं का?

हजारदा केलेली गोष्ट शरीर आपोआप करतं. सायकल चालवताना पायडल कुठे आहे ते कोणी वाकून बघत नाही. गडी बाद करून मध्यरेषेकडे वळताना कुठला पाय कुठे टाकायचा हे चांगला चढाईपटू ठरवत बसत नाही, पाय आपला जातो. स्पर्धेत चुकायची भीती बसली की मुलगा तीच गोष्ट मुद्दाम, लक्ष देऊन करायला जातो आणि पाय अडखळतो. जिना उतरताना प्रत्येक पायरीचा विचार करून बघा, तुम्हीही धडपडाल. त्यात डोक्याचा अर्धा भाग "बाबा बघतायत", "निवड समिती बसलीय" यातच अडकलेला. नजरही आखडते. समोरचा कोपरारक्षक दिसतो, बाजूने बंद होत आलेली बचावपटूंची साखळी दिसत नाही.

मी दोन गोष्टी करते. सरावाची शेवटची दहा मिनिटं खोटी मॅच लावते. संघ दोन गुणांनी मागे, चढाई एकच शिल्लक, बाकीच्या मुलींनी कडेला उभं राहून गलका करायचा. पहिल्या आठवड्यात मुली गळाटतात. महिन्याभरात त्याच गलक्यात हसत चढाई करतात. दुसरी गोष्ट म्हणजे चढाईला निघण्याआधीची ठरलेली छोटी सवय. मातीला हात लावायचा, घेतला त्याहून लांब श्वास सोडायचा आणि मनात एक शब्द म्हणायचा. तो शब्द "जिंकायचं" असा नको, कारण ते आपल्या हातात नाही. "पाय" किंवा "नजर" असा कामाचा शब्द हवा.

"टेन्शन घेऊ नको" हे वाक्य मी बावीस वर्षांत हजारदा ऐकलं आहे. त्याने एकाही मुलाचं टेन्शन गेलेलं पाहिलं नाही.

एवढं दडपण येतं तरी कुठून? खेळ तर मजेचा असतो ना?

खेळातून येतं ते थोडं. जास्त येतं हिशेबातून.

आपल्याकडे मूल खेळायला लागलं की थोड्याच दिवसांत घरात बेरीज-वजाबाकी सुरू होते. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस भरती आहे, रेल्वे आहे. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि २०१८ च्या लिलावात मोनू गोयतवर १ कोटी ५१ लाखांची बोली लागली. त्या जूनमध्ये आमच्या मैदानावर नव्या मुलांची रांग लागली होती. पोरं खुशीत होती आणि बाप हिशेब करत होते. त्यांना मी नावं ठेवत नाही. दोन एकर कोरडवाहू असलेल्या घरात क्रीडा प्रमाणपत्र हा खरोखरच एक रस्ता असतो.

पण तो हिशेब मुलांच्या कानावर पडतो. बुटाचे पैसे, अकादमीची फी, खुराकाचं दूध-बदाम, उसाचं बिल येईपर्यंत केलेली उसनवारी. आमच्या एका मुलीला अकादमीत घालायला वडिलांनी म्हैस विकली. त्या वर्षी ती जिल्ह्याच्या पुढे गेली नाही. परतीच्या गाडीत माझ्या शेजारी बसली होती, बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मॅडम, आता म्हैस कशी परत आणायची?" बारा वर्षांची पोर! वडील तिला एका शब्दाने बोलले नव्हते. बोलायची गरजच नव्हती. रिकामा गोठा ती रोज बघत होती.

दुसरं कारण आमच्या स्पर्धांच्या रचनेत आहे. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. आधी तालुका, मग जिल्हा, विभाग, राज्य. आमच्याकडे बहुतेक सामने बाद पद्धतीने होतात. म्हणजे जूनपासून घाम गाळायचा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात एका सकाळी एक मॅच हरली की वर्ष संपलं. पंचाचा एक निर्णय, एक मुरगळलेला घोटा, झालं. मोठ्यांच्या लीगमध्ये हरलेल्या संघाला पुढच्या आठवड्यात पुन्हा मॅच मिळते. तेरा वर्षांच्या मुलीला ती पुढच्या वर्षी मिळते, तीही वयोगटात बसली तर. तालुक्याला निदान गटवार साखळी सामने व्हावेत असं मी प्रत्येक नियोजन बैठकीत म्हणते. मैदान नाही, पंच नाहीत, दिवस नाहीत, ही उत्तरंही दरवर्षी तीच येतात.

मग पैशाचं मुलांना सांगायचंच नाही का?

लपवायचं नाही. परिस्थिती मुलांना कळलेली बरी. फक्त खर्च आणि निकाल यांची गाठ बांधू नका. "एवढा खर्च केला आणि तू पहिल्या फेरीत हरलीस" या वाक्यातला "आणि" घातक आहे. काय परवडतं, काय नाही, हे वर्षाच्या सुरुवातीलाच घरात ठरवून टाका. जे ठरलं ते देऊन झालं, परत मागायचं नाही.

हरून घरी येताना गाडीवर काय बोलावं?

जेवणाचं विचारा. खेळाचं त्याने काढलं तर ऐका. चूक काय झाली हे त्याला तुमच्याआधी माहीत असतं. मॅचनंतर लगेच केलेलं विश्लेषण कोणाच्याच डोक्यात शिरत नाही. आम्ही शिक्षकसुद्धा दुसऱ्या दिवशी बोलतो, निदान बोलावं असं ठरवलेलं असतं.

जिंकल्यावरही हेच लागू आहे. जिंकला की आईस्क्रीम आणि हरला की खिचडी, असं घरात चालत असेल तर मुलाला त्याचा अर्थ बरोबर कळतो.

सर फार ओरडतात, शिव्या देतात, कधी हात उचलतात. शिस्त म्हणून सोडून द्यायचं का?

आवाज चढवणं वेगळं. मैदानावर पन्नास फुटांवरून हळू आवाजात सूचना देता येत नाही. "डावीकडे सरक!" असं ओरडणं म्हणजे शिकवणं. "तुझ्यासारखी म्हैस संघात घेतली हीच चूक" असं सगळ्यांसमोर म्हणणं म्हणजे अपमान, आणि अपमानाने चढाई सुधारत नाही. मूल फक्त चूक लपवायला शिकतं, म्हणजे जोखमीची चढाई करणंच सोडून देतं.

हात उचलणं चालणार नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ चं कलम १७ शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. मी खेळायची तेव्हा आमच्या प्रशिक्षकांच्या हातात काठी असायची आणि आम्ही ते कौतुकाने सांगायचो. आज मला त्याचं कौतुक वाटत नाही. त्यांच्या हाताखालच्या सोळा जणींपैकी पुढे खेळत राहिलो दोघीच.

अंगचटीला येणारा स्पर्श, रात्रीचे मेसेज, "कोणाला सांगू नकोस" म्हणून एकटीला बोलावणं, हे असेल तर शिस्तीची चर्चाच नको. अठरा वर्षांखालच्या मुला-मुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. कळल्यावर पोलिसांना कळवणं त्या कायद्याने बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. संघाची निवड जाईल म्हणून गप्प बसलेल्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांच्यावर रागावता येत नाही, पण गप्प बसू नका.

वजन गटात बसायला मुलगा दोन दिवस पाणी पीत नाही, जाड कपडे घालून पळतो. सगळे पैलवान करतात म्हणतो.

सगळे करतात हे बरंचसं खरं आहे, आणि तेच वाईट आहे. तालमीत याला वजन तोडणं म्हणतात. कबड्डीच्या किशोर आणि कुमार गटांतही वजनाची मर्यादा असते, त्यामुळे ही गोष्ट आमच्या मैदानापर्यंतही पोचली आहे. ऐन स्पर्धेच्या सकाळी वजनकाट्यासमोर सुकलेल्या ओठांची पोरं उभी असतात आणि काट्यावरून उतरली की ढसाढसा पाणी पितात.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात अंतिम फेरीत पोचली आणि दुसऱ्या दिवशीच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली. केस कापून, रात्रभर घाम काढूनसुद्धा. त्याच ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या कुस्तीआधी दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवलं. ही दुसरी गोष्ट आपण शौर्यकथा म्हणून सांगितली, आणि पोरांनी नेमकी तीच उचलली. अमनभोवती डॉक्टर आणि फिजिओ होते. आपल्या पोराभोवती मोबाईल धरलेला मित्र असतो. अमेरिकेत १९९७ साली वजन तोडताना काही आठवड्यांत तीन महाविद्यालयीन पैलवान मेले, त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीचे वजनाचे नियम बदलले.

मनाशी याचा संबंध काय? उपाशी आणि कोरडं शरीर चिडचिडं होतं, झोपत नाही, एकाग्र होत नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक खूण आहे. खाणं कमी आणि सराव जास्त झाला की पाळी लांबते किंवा बंद होते. काही मुली "बरंच झालं, स्पर्धेत कटकट नाही" असं म्हणतात. ते बरं नाही. शरीराने खर्चात कपात सुरू केली आहे, त्याचा फटका हाडांना बसतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती २०१४ पासून याबद्दल सांगते आहे आणि हे मुलग्यांनाही होतं असंही तिने म्हटलं आहे. तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, स्पर्धा संपायची वाट बघू नका.

वाढत्या वयात वजन वाढणारच, उंची वाढते आहे. वरच्या गटात खेळवा. एक वर्ष हरेल, हरू दे.

निवड झाली नाही. चार दिवस खोलीतून बाहेर आली नाही. काय करू?

चार दिवस रडणं हा आजार नाही, ते दुःख आहे. जवळ राहा, जेवायला बोलवा, "पुढच्या वर्षी होईल" असं लगेच म्हणू नका. पुढचं वर्ष तुमच्या हातात नाही.

मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज २०२२ च्या विश्वचषक संघातून वगळली गेली होती. २०२५ च्या विश्वचषकात ती परत आली, मधेच एका सामन्यात पुन्हा बाहेर बसवली गेली, आणि ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ३३९ चं लक्ष्य गाठताना तिने नाबाद १२७ धावा केल्या. त्या रात्री तिने सांगितलं की त्या स्पर्धेत ती जवळजवळ रोज रडत होती, चिंतेने ग्रासली होती, आईला फोन करून नुसती रडायची. माझ्या मुलींना मी १२७ सांगत नाही, फोन सांगते. कारण १२७ सगळ्यांच्या होत नाहीत. ज्या मुलीच्या नाही झाल्या, तिलाही रडायला फोन लावता आला पाहिजे.

दोन आठवड्यांनंतरही खाणं, झोप, मैत्रिणी, शाळा यांतलं काही ताळ्यावर आलं नसेल तर मात्र डॉक्टर.

गुडघा गेला आहे, सहा महिने खेळ बंद. मुलगा चिडका झाला आहे.

कबड्डीत गुडघ्याचा अस्थिबंध तुटणं नवं नाही. पायाची तपासणी सगळे करतात, मुलाची कोणी करत नाही. रोज संध्याकाळी पाच वाजता जो "कबड्डीवाला" होता, तो आता पाच वाजता कोण आहे? मित्र मैदानावर, हा खाटेवर. त्याला मैदानावर येऊ द्या. गुणलेखन करू दे, लहान मुलांच्या पकडी बघून सांगू दे. संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून त्याला काढू नका. हे शेवटचं बारीकसं वाटतं, पण एका मुलाने मला सांगितलेलं सगळ्यात मोठं दुखणं तेच होतं.

इथे माझी एक चूक कबूल करते. सतरा-अठरा वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात मी घोटा सुजलेल्या मुलीला विचारलं, "खेळशील ना?" ती हो म्हणाली. त्या प्रश्नाला नाही असं उत्तरच नव्हतं. आता मी विचारत नाही, सूज दिसली की बसवते.

मुलाला सरकारी क्रीडा प्रबोधिनीत किंवा निवासी अकादमीत घातलं आहे. फोनवर फक्त "बरंय" म्हणतो.

"बरंय" म्हणजे बरं नाही असं नेहमीच नसतं. पण "आज जेवायला काय होतं, शेजारच्या खाटेवर कोण आहे, सरांचा मूड कसा होता" असे प्रश्न विचारले तर "बरंय" म्हणून सुटता येत नाही. पहिले दोन-तीन महिने घरची ओढ असतेच. सणाला घरी येऊन परत जाताना रडला तर तेही ठीक. पैसे, मोबाईल, झोप किंवा मोठ्या मुलांचा त्रास याबद्दल बोलणं टाळत असेल, तर न सांगता एकदा जाऊन या.

किती वर्षांची वाट आहे याचा अंदाज घेऊन ठेवा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २००९ मध्ये सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत आला आणि पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळालं २०२४ मध्ये. पंधरा वर्षं. सहा महिन्यांत "प्रगती काय?" असं विचारणाऱ्या काकांना हा आकडा सांगा.

दहावीला खेळ बंद करावा का?

पूर्ण बंद करू नका, वेळ कमी करा. रोज तासभर पळून-खेळून आलेलं मूल अभ्यासाला बरं बसतं आणि रात्री झोपतं. सराव आणि क्लास दोन्ही पूर्ण ठेवून झोप कापणं हा सगळ्यात वाईट मार्ग आहे, आणि बहुतेक घरं नेमका तोच घेतात.

जन्मतारीख दोन वर्षं पुढे करून खालच्या गटात खेळवतात काही जण. आम्हीच का मागे राहायचं?

यावर मी पालकांशी भांडले आहे. क्रिकेटमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांची हाडांची तपासणी होते, इतर खेळांतही वय तपासलं जातं. पण पकडलं जाईल हा माझा मुख्य मुद्दा नाही. खोट्या वयाचं मूल जिंकलं तरी त्याला ठाऊक असतं की आपण लहानांना हरवलं. प्रत्येक स्पर्धेच्या टेबलावर कागद दाखवताना त्याचा घसा कोरडा पडतो. शाळेत वर्ष वेगळं आणि मैदानावर वेगळं, हे सांभाळायचं ओझं आपणच त्याच्या खांद्यावर देतो. खरी वयोमर्यादा संपते तेव्हा बरोबरीच्या मुलांसमोर तो उघडा पडतो.

मुलगा दिवसभर क्रिकहीरोज या क्रिकेटच्या धावा नोंदवणाऱ्या अ‍ॅपवर स्वतःची सरासरी बघत बसतो.

आधी गल्लीतल्या शून्याची नोंद कुठेच राहायची नाही. आता राहते. ज्या दिवशी मॅच, त्या दिवशी रात्री मोबाईल आईकडे. आकडे आठवड्यातून एकदा, सरांबरोबर बसून बघायचे. मॅचचे रील्स टाकायचे असतील तर मुलाला विचारून टाका, आणि खालच्या कॉमेंट तुम्ही वाचा, त्याला वाचू देऊ नका.

मोठ्या खेळाडूंनाही असं होतं का? की मनाने कमकुवत असेल त्यालाच होतं?

नेमबाज अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंग ऑलिंपिकला सुवर्णपदक जिंकलं आणि त्यानंतर आपल्याला पोकळी जाणवली, नैराश्य आलं, हे त्याने स्वतः सांगितलं आहे. म्हणजे हरल्यावरच होतं असंही नाही. २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात विराट कोहलीने कसोटीतल्या दहा डावांत १३४ धावा केल्या. त्या काळात आपण नैराश्यातून गेलो असं तो नंतर बोलला. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियो ऑलिंपिकला सांघिक अंतिम फेरीतून मधेच बाहेर पडली, कारण हवेत गिरकी घेताना शरीर कुठे आहे याचं भान जात होतं. जिम्नॅस्टिक्समध्ये असं झालं तर मान मोडू शकते. तीच बाइल्स २०२४ ला पॅरिसहून तीन सुवर्णपदकं घेऊन गेली. यांना कमकुवत म्हणायचं असेल तर मग मजबूत कोणाला म्हणायचं?

खेळणाऱ्या मुलांपुरतंच हे आहे असंही नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. साठच्या पटाचा वर्ग धरला तर चार-पाच मुलं झाली.

कोणती लक्षणं दिसली तर थांबायचं नाही?

एखादा वाईट दिवस सोडा. दोन आठवडे सलग झोप उडाली किंवा दिवसभर झोपच, खाणं फार कमी किंवा फार जास्त झालं, आवडीच्या गोष्टीतून मन उठलं, कारण नसताना रडू किंवा संताप, तब्येत ठीक असून सरावाला टाळाटाळ, मित्र तोडणं, तंबाखू-दारू सुरू होणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. छाती धडधडून श्वास कोंडल्यासारखं वारंवार होत असेल तर हृदयाची तपासणी आधी करा, ते मन आहे असं परस्पर ठरवू नका.

"मी नसतो तर बरं झालं असतं", "सगळ्यांचा त्रास संपेल" असं बोलणं, स्वतःला कापून घेणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, यात दोन आठवडे थांबायचं नाही, दोन तासही नाही. मुलाला एकटं सोडू नका. घरातली कीटकनाशकं आणि गोळ्या कुलपात ठेवा, शेतकरी घरात तर आधी हेच. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मूल बोलतं. मग लगेच जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ, क्रीडा मानसशास्त्रज्ञ: नेमकं कोणाकडे जायचं?

हात आखडतात, एकाग्रता मोडते, एवढंच असेल तर क्रीडा मानसशास्त्रज्ञ. पण ते पुण्या-मुंबईत सापडतात, तालुक्याला नाही. घरचं, शाळेचं, मनातलं बोलायचं असेल तर समुपदेशक. आजाराची लक्षणं असतील तर मानसोपचारतज्ज्ञ, ते एमबीबीएसनंतर त्याच विषयात शिकलेले डॉक्टर असतात आणि औषध देऊ शकतात. जिल्हा रुग्णालयात हा विभाग असतो. केसपेपर काढायला लाजू नका.

राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यांनी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत "मी खेळतो, डोपिंग चाचणी होऊ शकते" हे सांगावं. नैराश्यावर नेहमी दिली जाणारी बरीच औषधं बंदीच्या यादीत नाहीत. पण एकाग्रतेच्या आजारावरचं मिथाइलफेनिडेट स्पर्धेच्या काळात बंदी असलेलं आहे. छातीतली धडधड थांबवायला काही जण प्रोप्रॅनोलॉल घेतात, ते नेमबाजी आणि तिरंदाजीत चालत नाही. त्याने हात स्थिर होतो म्हणूनच. उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाची दोन पदकं २००८ साली बीजिंगला याच औषधामुळे काढून घेतली गेली. औषध खरंच लागत असेल तर उपचारासाठी सूट मागता येते, अर्ज 'नाडा'कडे, म्हणजे देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेकडे करायचा. स्वतःच्या मनाने गोळी बंद मात्र करू नका.

डॉक्टरांकडे गेल्याचं प्रशिक्षकांना कळलं तर संघातून काढतील ना?

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाची माहिती गोपनीय ठेवायला सांगतो, डॉक्टर ती प्रशिक्षकाला परस्पर देत नाहीत. सांगायचं की नाही ते घराने ठरवायचं. प्रशिक्षक समजूतदार असेल तर सांगितल्याने सोपं होतं. नसेल तर "तब्येतीमुळे दोन आठवडे येणार नाही" हे पूर्ण खरं वाक्य आहे.

मुलगी खेळ सोडायचा म्हणते. सोडू द्यावा का?

हरल्याच्या रात्री ठरवू नका. महिनाभर थांबा, मग विचारा की खेळ सोडायचाय, हा संघ सोडायचाय, की हे सर सोडायचेत. तीन वेगळी उत्तरं असतात आणि पहिलं वाटतं तितक्या वेळा निघत नाही. पहिलंच असेल तर सोडू द्या. "आत्तापर्यंत घातलेले पैसे" हे खेळत राहायचं कारण होऊ शकत नाही.

नॉर्वेत मूल अकरा वर्षांचं होईपर्यंत स्पर्धांचे निकालतक्ते आणि क्रमवाऱ्या लावत नाहीत, आणि तेराच्या आधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. किती आणि कोणता खेळ खेळायचा हे मुलांनी सांगायचं, असा तिथल्या क्रीडा महासंघाचा नियम आहे. ५०-५५ लाख वस्तीच्या त्या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं जिंकली. बर्फ त्यांच्याकडे भरपूर आहे हे मान्य. पण आपल्याकडे आठ वर्षांच्या मुलाची जिल्ह्याची क्रमवारी लावून नेमकं काय मिळतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मॅच बघायला जावं की नको?

मुलाला विचारा. खरंच विचारा, आणि "नको" म्हणाला तर रुसू नका. काहींना आई दिसली की बळ येतं, काहींचे पाय जड होतात. आमच्या एका चढाईपटूने मधला मार्ग काढला होता. बाबांनी यायचं, पण पत्र्याच्या शेडमागच्या लिंबाखाली उभं राहायचं आणि मॅच संपेपर्यंत पुढे यायचं नाही. ते तीन वर्षं तिथेच उभे राहिले. तिथून मैदान निम्मंच दिसतं, मी एकदा जाऊन पाहिलं.